राजीखुशीने लिहून दिले

घराच्या खरेदीखताच्या शेवटच्या पानावर एक वाक्य हटकून असतं. 'सदरचे खरेदीखत मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून दिले असे.' गाव बदललं, वकील बदलला, तरी हे वाक्य फारसं बदलत नाही. टंकलेखक ते न वाचताच टंकतो, देणारा न वाचताच सही करतो आणि घेणारा तर तिकडे पाहतही नाही.

माझ्याकडेही असं एक खरेदीखत आहे. त्यातला सर्व्हे नंबर खरा आहे, क्षेत्रफळ खरं आहे, चतुःसीमा खऱ्या आहेत. खोटं आहे ते हे एकच वाक्य. आणि ते खोटं ठरलं माझ्यामुळे.

२००९ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. आम्ही सोलापुरात भाड्याच्या घरात राहत होतो आणि विकत घ्यायला घर शोधत होतो. ज्यांना हा अनुभव आहे त्यांना सांगायला नको. ज्यांना नाही त्यांना सांगतो. फोनवर सगळं ठरायचं. भेटायला गेल्यावर मी नाव सांगायचो आणि समोरचा म्हणायचा, "अरेरे, कालच दिलं हो." असं अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी एक निवृत्त शिक्षक भेटले. नाव सांगत नाही, सगळे त्यांना सर म्हणत, मीही म्हणत असे. त्यांनी माझं नाव ऐकलं, चहा मागवला आणि विचारलं, "मुलं किती? शाळा कुठली?" पाऊण तासात सौदा ठरला. आठ लाख पंचवीस हजार. मी एक्कावन्न हजार इसार दिला, शंभराच्या स्टॅम्पवर पावती झाली. सर म्हणाले, "शब्द झाला."

खरेदीखताच्या दोन दिवस आधी एजंटनं मला बाजूला घेतलं. "सरांनी नाशकात मुलीजवळ तळमजल्याचं घर घेतलंय. बाईंचे गुडघे गेलेत. तिथं इसार देऊन बसलेत, आठ दिवसांत बाकी भरली नाही तर तो जाणार. आता ते मागं फिरू शकत नाहीत. जरा ओढा की." जगभरच्या मंदीनंतरचे ते दिवस होते, गिऱ्हाइकं कमी होती. दुसऱ्या संध्याकाळी मी सरांकडे गेलो आणि सांगितलं, "सर, बँकेनं कर्ज थोडं कमी केलंय. चाळीस हजार कमी करावे लागतील."

बँकेनं काहीही कमी केलं नव्हतं.

सर बराच वेळ गप्प बसले. मग एवढंच म्हणाले, "उद्याची वेळ किती वाजताची?"

दुसऱ्या दिवशी टंकलेखकानं ८,२५,००० खोडून ७,८५,००० केले. त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. मला कोणी दोष दिला नाही. मेहुणे म्हणाले, "व्यवहारात पक्का निघालास." अम्मीनं शुक्रान्याची नमाज पढली. मात्र 'राजीखुशीने' या शब्दाशी मी अडखळलो तो कायमचाच. तेव्हापासून जुने कायदे, स्मृती, हदीस, दस्तांचे नमुने जिथं सापडतील तिथं वाचत आलो. प्रश्न एकच होता. ठरलेला भाव ऐन वेळी पाडणाऱ्या माणसाचं आपल्या पूर्वजांनी काय केलं?

सुरुवात इसारापासून करू. इसाराला मराठीत बयाणा म्हणतात, विसार म्हणतात आणि जुन्या दस्तांत 'संचकार' असाही शब्द येतो. बयाण्याचं मूळ अरबी 'बै' म्हणजे विक्री. संचकाराचं मूळ संस्कृत 'सत्यंकार', म्हणजे खरं करणं. केवढा मोठा शब्द! इसाराचे पैसे हा किमतीचा पहिला हप्ता नसून बोललेलं खरं करण्याची खूण आहे, असं तो शब्दच सांगतो. याज्ञवल्क्य स्मृतीत नियम आहे की सत्यंकार घेऊन बोल मोडणाऱ्यानं तो दुप्पट परत करावा. या स्मृतीवर विज्ञानेश्वरानं 'मिताक्षरा' ही टीका लिहिली, ती कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात. ते कल्याण म्हणजे आजचं बसवकल्याण, आमच्या सोलापूरपासून शंभरेक किलोमीटरवर. विज्ञानेश्वर उदाहरण देतो ते अंगठीचं. सौदा पक्का राहावा म्हणून एकानं दुसऱ्याच्या हाती अंगठी दिली. देणारा फिरला तर अंगठी गेली. घेणारा फिरला तर दुप्पट द्यायची.

आता इथून रोमकडे पाहा. सम्राट जस्टिनियनच्या ५३३ सालच्या कायद्याच्या पाठ्यपुस्तकात हाच नियम आहे. घेणारा फिरला तर इसार बुडाला, विकणारा फिरला तर दुप्पट. त्यांचा शब्द 'अर्रा'. तो ग्रीक 'अर्राबोन'मधून आला आणि ग्रीकांनी तो पश्चिम आशियातल्या सेमिटिक भाषा बोलणाऱ्या व्यापाऱ्यांकडून घेतला. त्याच घराण्यातला अरबी शब्द 'अर्बून'. म्हणजे बसवकल्याणपासून रोमपर्यंत माणसं एकाच चिंतेत होती. शब्द आणि ताबा यांच्यामध्ये जे दिवस जातात, त्या दिवसांत माणूस बदलतो. त्याला बांधायचं कसं?

इस्लामी धर्मशास्त्रात या अर्बूनवर मोठा वाद आहे. सौदा मोडल्यावर इसार बुडवणं बहुतेक पंडितांना मान्य नाही. कष्टाशिवाय दुसऱ्याचा पैसा घेणं होतं, असं ते म्हणतात. इमाम अहमद इब्न हंबल यांनी मात्र परवानगी दिली आणि आधार घेतला तो एका घराच्याच खरेदीचा. खलीफा उमर यांच्या मक्केतल्या अधिकाऱ्यानं, नाफेनं, तुरुंगासाठी सफवान इब्न उमय्या याचं घर ठरवलं. अट अशी की उमर यांना पसंत पडलं तर सौदा झाला, नाही पडलं तर सफवानला चारशे मिळतील. अट आधीच बोलून घेतली होती, हे महत्त्वाचं.

सौदा नेमका कधी पक्का होतो, यावरही मतं आहेत. हदीस सांगते की खरेदी-विक्री करणारे जोवर वेगळे झाले नाहीत तोवर दोघांना फिरण्याची मुभा आहे. 'वेगळे होणं' म्हणजे काय? इमाम शाफई म्हणतात, बैठक मोडून उठणं. आपल्याकडचे कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. इमाम अबू हनीफा यांच्या अनुयायांच्या मते, देतो आणि घेतो हे शब्द पुरे झाले की वेगळे झालोच. आम्ही देशावरचे बहुतेक मुसलमान हनफी. सरांच्या बैठकीच्या खोलीत चहाचे कप रिकामे झाले, 'शब्द झाला' असं म्हटलं गेलं, मी चपला घालून जिना उतरलो. कुठल्याही इमामाच्या हिशोबानं मी बांधला गेलो होतो.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी तर खरेदीनंतरच्या पश्चात्तापाला एक वेगळं प्रकरणच दिलं आहे. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात हा विषय विस्तारानं येतो. मनूनं भांडणांची अठरा पदं सांगितली. म्हणजे राजापुढे येणाऱ्या खटल्यांचे अठरा प्रकार. त्यांतलं एक 'क्रयविक्रयानुशय', घेतल्यावर किंवा विकल्यावर वाटणारी हळहळ. मनू दहा दिवसांची मुदत देतो. नारद अधिक बारकाईनं हिशोब मांडतो. घेतलेली वस्तू त्याच दिवशी परत केली तर काही कापायचं नाही, दुसऱ्या दिवशी किमतीचा तिसावा भाग कापायचा, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, आणि त्यानंतर वस्तू घेणाऱ्याचीच. माणसाचं मन फिरणार हे या लोकांनी गृहीत धरलं होतं. त्यांनी फिरण्याला मनाई केली नाही, फिरण्याची किंमत ठरवली.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घर-जमिनीच्या विक्रीची रीतच दिली आहे. आधी नातेवाईक, मग शेजारी, मग सावकार, या क्रमानं विकत घेण्याचा हक्क. शेजारच्या कुटुंबांसमोर घराच्या सीमा आणि किंमत जाहीर करायची आणि 'या किमतीला कोण घेतो' असं तीनदा पुकारायचं. चढाओढीनं किंमत वाढली तर वरची रक्कम राजाच्या खजिन्यात! भाव चारचौघांत उच्चारला गेला पाहिजे, यावर भर आहे. मराठेशाहीतही मिरासजमीन किंवा वतन विकलं जायचं ते गोतासमोर. पाटील, कुलकर्णी, शेटे, बलुतेदार बसलेले. लिहिता न येणारे आपापल्या हत्याराची निशाणी करायचे; पाटलाचा नांगर तर त्या कागदांवर प्रसिद्धच आहे. गावगाड्यात मुलाणीही होता, त्यामुळे माझ्या कुठल्यातरी खापरपणज्यानंही अशी साक्ष घातली असेल, असं मी मनाशी धरतो. ज्याच्या शब्दाला वीस माणसं साक्षी आहेत, त्याला दुसऱ्या संध्याकाळी एकट्यानं जाऊन भाव पाडणं अवघड गेलं असतं. ती पद्धत फार न्यायाची होती असं मी म्हणत नाही. गोतात कोण बसायचं आणि कोणाला बाहेर उभं राहावं लागायचं, ते आपण जाणतो. पण शब्द हा त्यांच्यासाठी चव्हाट्यावरचा मामला होता. आपल्यासाठी तो दोन फोनमधला झाला आहे.

मग इंग्रज आले आणि त्यांनी कायदे छापले. १८७२ चा करार कायदा, १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. हे दोन्ही कायदे पुढे दुरुस्त होत आजही चालू आहेत. दुसऱ्या कायद्याचं कलम ५४ सांगतं की विक्रीच्या नुसत्या करारानं मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. इसारपावती म्हणजे घर नव्हे. करार मोडणाऱ्याविरुद्ध कोर्टात जाता येतं. पण विकणाऱ्यानं इसाराच्या नावाखाली हवं तेवढं जप्त करावं, हेही कोर्टाला मान्य नाही. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण होतं. १,१२,५०० रुपयांचा सौदा, एक हजार इसार, पुढे किमतीपैकी आणखी चोवीस हजार दिलेले, आणि व्यवहार मोडला. न्यायालयानं एक हजाराची जप्ती मान्य केली. बाकीचे चोवीस हजार इसार म्हणून गिळायला परवानगी दिली नाही.

इंग्लंडमध्ये तर गंमतच आहे. तिथं १६७७ पासून जमिनीचा करार लेखी पुराव्याशिवाय वसूल करता येत नसे आणि १९८९ पासून तर तो लेखीच असावा लागतो. तिथल्या रिवाजात किंमत तोंडी ठरल्यावर कागदांची अदलाबदल होईपर्यंत अनेक आठवडे जातात आणि तोवर कोणीच बांधलेलं नसतं. भाव चढते असले की विकणारा वाढवून मागतो, पडते असले की घेणारा ऐन वेळी कमी करतो. १९८०च्या दशकाच्या शेवटी तिथं घरांचा बाजार घसरू लागला, तेव्हा या दुसऱ्या प्रकाराला 'गॅझंडरिंग' असं नावच पडलं. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये लेखी होकारांची पत्रं लवकर दिली-घेतली जातात आणि सौदा तिथंच बांधला जातो, म्हणून हा उपद्रव कमी. आपल्याकडे ही गोष्ट सर्रास होते, पण तिला नाव नाही. 'जरा ओढा की' एवढंच.

हे सगळं वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की माझं उत्तर यात कुठंच नाही. अंगठीचा नियम, अर्राचा नियम, दहा दिवसांची मुदत, इसाराची जप्ती, हे सगळे नियम सौदा सोडून जाणाऱ्यासाठी आहेत. मी सोडून गेलो नव्हतो. मी थांबलो होतो. थांबून, समोरच्याला जाता येत नाही हे पाहून, त्याच्या अडचणीची किंमत वसूल केली होती. करार कायद्याचं कलम ६२ सांगतं की दोघांच्या संमतीनं जुना करार बदलता येतो. सरांनी संमती दिली. सही केली, अंगठा दिला, कॅमेऱ्यासमोर बसून फोटो दिला. कायद्याच्या नजरेत मी गुन्हेगार तर नाहीच, साधा कसूरदारही नाही.

याच करार कायद्यात एक घोडा आहे. कलम २५ खाली सोपं उदाहरण दिलं आहे. अमुक माणूस हजार रुपयांचा घोडा दहा रुपयांना विकायला कबूल होतो. त्याची संमती मोकळेपणानं दिलेली आहे. मग किंमत कितीही अपुरी असो, करार करारच. लगेच पुढचं उदाहरण येतं. तोच घोडा, तेच दहा रुपये. पण विकणारा म्हणतो की माझी संमती मोकळी नव्हती. तर संमती मोकळी होती की नाही हे ठरवताना किंमत अपुरी असल्याची गोष्ट कोर्टानं विचारात घ्यावी. म्हणजे कायद्याला शंका येते. पण ती येण्यासाठी विकणाऱ्याला तक्रार करावी लागते. नाशकाच्या मुदतीला आठ दिवस उरलेला माणूस दिवाणी दावा लावत नाही. तो वेळ विचारतो.

दुसरा एक घोडा हदीसच्या ग्रंथांत आहे. जरीर इब्न अब्दुल्लाह हे पैगंबरांचे सोबती. त्यांच्या माणसानं त्यांच्यासाठी तीनशे दिरहमना एक घोडा ठरवला आणि पैसे घ्यायला मालकाला घेऊन आला. जरीर यांनी घोडा पाहिला आणि मालकाला म्हणाले, तुझा घोडा तीनशेहून जास्त मोलाचा आहे, चारशेला देतोस? तो म्हणाला, तुमची मर्जी. मग पाचशे, मग सहाशे, असं करत घेणाऱ्यानं स्वतःच भाव आठशेपर्यंत चढवला आणि आठशे मोजले. का, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं की प्रत्येक मुसलमानाचं भलं चिंतीन, असा शब्द मी पैगंबरांच्या हातात हात देऊन दिला आहे. ही गोष्ट मी लहानपणी मशिदीत ऐकली होती आणि हसलो होतो. असा कोणी खुळा असतो का? पुढे त्याच कथेकडे परत आलो तेव्हा हसू आलं नाही. आणि 'प्रत्येक मुसलमानाचं' या शब्दांपाशी दडूनही बसता आलं नाही. मला दार उघडताना सरांनी माझा धर्म मोजला नव्हता.

बुखारींच्या संग्रहात घराचीही एक गोष्ट आहे. अबू राफे यांच्या मालकीच्या दोन खोल्या साद इब्न अबी वक्कास यांच्या वाड्यात होत्या. बाहेरून पाचशे दिनारांची मागणी आलेली होती. साद म्हणाले, मी चार हजार दिरहमवर जाणार नाही आणि तेही हप्त्यांनी देईन. त्या काळी एका दिनाराला साधारण दहा दिरहम धरत. म्हणजे हजाराचं नुकसान. तरी अबू राफे यांनी खोल्या सादनाच दिल्या, कारण शेजाऱ्याचा हक्क मोठा, असं त्यांनी पैगंबरांकडून ऐकलं होतं. इथंही किंमत कमीच मिळाली. पण ती विकणाऱ्यानं आपण होऊन सोडली होती, कोणी त्याच्या गळ्यावर मुदत ठेवून ती काढून घेतली नव्हती. आकडा दोन्हीकडे कमीच होतो, पण तो कोणाच्या हातानं कमी होतो यावर सगळं अवलंबून असतं.

अडलेल्या माणसाकडून खरेदी करण्याला अरबीत वेगळं नाव आहे. अशा विकणाऱ्याला 'मुज़्तर' म्हणतात, म्हणजे लाचार झालेला. अशा सौद्याला मनाई करणारी एक हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात येते. तिच्या सांगणाऱ्यांची साखळी कच्ची आहे, असं हदीसचे अभ्यासक म्हणतात. साखळी कच्ची असेल. पण या प्रसंगाला नाव दिलेलं मला तिथंच सापडलं. आणि कुराणाच्या चौथ्या सूऱ्यात एकमेकांचा माल गैरमार्गानं खाऊ नका, व्यापार करा तो आपसांतल्या रजामंदीनं, असं सांगितलं आहे. तिथला मूळ अरबी शब्द आणि आपल्या दस्तातला 'राजी' हा शब्द एकाच धातूचे. कुठून कुठं आला हा शब्द! अरबीतून फारसीत, फारसीतून दख्खनच्या दफ्तरात आणि तिथून सोलापूरच्या टंकलेखकाच्या यंत्रात. एवढा प्रवास करून आलेल्या शब्दाला मी चाळीस हजारांत खोटं पाडलं.

सरकारला ही राजीखुशी तपासता येईल का? एकदा प्रयत्न झाला आहे. दंगलींनंतर माणसं घाबरून मिळेल त्या भावाला घरं विकतात. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून कितीतरी मुसलमान कुटुंबं मुंब्र्याला गेली. अशा वेळी झालेल्या खरेदीखतांवरही 'राजीखुशीने' हेच छापलेलं असतं. गुजरातनं १९९१ साली अशांत क्षेत्रांसाठी कायदा केला. अशा भागातलं घर विकायचं तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी हवी आणि त्यानं पाहायचं की संमती मोकळी आहे का, किंमत वाजवी आहे का. हेतू वाचला तर हात जोडावेत. पण पुढे याच कायद्याचा उपयोग हिंदू-मुसलमानांना एकमेकांची घरं घेण्यापासून अडवायला होतो, अशी टीका वर्षानुवर्षं होत आली आहे. सर आणि मी, दोघंही राजी असतो, तरी तिथं आम्हाला एका अधिकाऱ्यापुढे उभं राहावं लागलं असतं. राजीखुशी बाहेरून तपासायला गेलं की तिची भिंत होते, असा माझा तरी समज झाला आहे.

कोणी विचारेल की ठरलेला भाव कधीच कमी करू नये का? तसं नाही. सौदा ठरल्यावर छत गळतं असं निघालं, सोसायटीची जुनी थकबाकी निघाली, दस्तात भावाबहिणींचा हिस्सा निघाला, तर भाव पुन्हा बोलायलाच हवा. इस्लामी धर्मशास्त्र दोष निघाल्यावर माल परत करण्याचा हक्क देतं आणि आपले स्मृतिकारही दोष लपवणाऱ्याला दंड सांगतात. बँकेनं खरोखरच कर्ज कमी केलं असेल, तर तेही सांगावं, कागद दाखवावा आणि समोरच्याला 'नाही' म्हणायला वेळ द्यावा. माझी कसोटी आता साधी आहे. घराबद्दल नवं काही कळलं म्हणून मी भाव कमी करतो आहे, की घरमालकाबद्दल काही कळलं म्हणून? पहिला झाला व्यवहार. दुसऱ्याला गॅझंडरिंग म्हणा, मुज़्तरची खरेदी म्हणा, किंवा आपल्या साध्या मराठीत अडवणूक म्हणा.

आता गोष्ट पुरी करतो. राहायला आल्यावर तीनेक महिन्यांनी इमारतीतल्या एका शेजाऱ्यानं, आता चांगली ओळख झाली म्हणून, हसत हसत सांगितलं, "तुमचा इसार झाल्यावर आम्ही सरांकडे दुसरं गिऱ्हाईक नेलं होतं बरं का. आपल्यातलंच. पंचवीस हजार जास्त देत होता. सर ऐकेनात. म्हणाले, त्या माणसाला शब्द दिलाय."

पंचवीस हजार जास्त त्यांनी नाकारले होते आणि चाळीस हजार कमी मी केले होते. नाकारलं तेव्हा त्यांनी मला ते कळूही दिलं नाही. त्या संध्याकाळी माझ्यासमोर गप्प बसले असताना त्यांच्या मनात हे पासष्ट हजार होते की नाही, मला माहीत नाही. मी कवी आहे. शब्दावर माझं पोट नसलं तरी माझी इज्जत शब्दावर आहे, असं मी सभांमधून सांगत आलो होतो.

२०१४ साली नाशिकला एका कविसंमेलनाला गेलो तेव्हा पाकिटात चाळीस हजार घालून सरांचं घर शोधून काढलं. बाई काठी घेऊन का होईना, अंगणात चालत होत्या. सरांनी चहा दिला. मी सगळं सांगितलं, बँकेचं खोटंही सांगितलं. पाकीट पुढे ठेवलं. सरांनी ते उघडलं नाही. बोटानं माझ्याकडे सरकवलं.

"हे त्या दिवशी माझे पैसे होते," ते म्हणाले. "आज घेतले तर तुमची देणगी होईल. देणगी मी घेत नाही."

रागानं म्हणाले नाहीत. वर्गात एखाद्या मुलाचं गणित चुकल्यावर जसं सांगावं, तसं सांगितलं. मग विचारलं, "मुलगी आता कितवीला?"

पाकीट घेऊन मी परत आलो. इतकी पुस्तकं वाचली त्यांतल्या कोणीच ही गोष्ट मला सांगितली नव्हती. अंगठी दुप्पट करून परत देता येते, इसार दुप्पट देता येतो. त्या संध्याकाळी एका माणसाकडून ओढून घेतलेला होकार मात्र कितीही पटीनं परत करता येत नाही. तो ज्या दिवशी घ्यायचा असतो त्याच दिवशी नीट घ्यावा लागतो.

आज तुमच्यापैकी कोणाच्या घरी इसारपावती पेटीत असेल, खरेदीखताची तारीख पुढच्या आठवड्यातली असेल आणि कोणीतरी कानाशी येऊन 'जरा ओढा की' म्हणत असेल, तर शेवटच्या पानावरचं ते वाक्य एकदा शांतपणे वाचून घ्या. त्याखाली सही समोरच्याची असते, हे खरं. पण ते वाक्य खरं ठेवणं घेणाऱ्याच्या हातात असतं.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)